‘लाइन’ हा शब्द कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिक जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर मराठीचे स्वाध्याय तपासत असताना एका वाक्यापाशी माझे लाल पेन थांबले. ‘माझ्या जीवनातील एक प्रसंग’ या विषयावर एका विद्यार्थ्याने लिहिले होते : “लाइन गेली होती, पण लाइन बंद घेतलेली नव्हती, म्हणून मी पोलवर चढलो नाही.” मी ‘लाइन’ या शब्दाभोवती दोन वर्तुळे काढली, समासात ‘मराठी प्रतिशब्द वापरा’ असा शेरा लिहिला आणि एक गुण कमी केला. पुढच्या संपर्कसत्रात तो विद्यार्थी भेटला. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी लाइनमनची. त्याने अदबीने विचारले, “सर, प्रतिशब्द कोणता लिहू?” मी म्हणालो, “वीजपुरवठा लिहा.” त्यावर तो क्षणभर थांबून म्हणाला, “पण सर, त्याने दोन्हींतला फरक जातो. लाइन गेली म्हणजे बिघाड होऊन आपोआप गेली. ती कधीही परत येते. लाइन बंद घेतली म्हणजे उपकेंद्राला कळवून, परवानगी घेऊन, आपण मुद्दाम बंद करायला लावली. गेलेल्या लाइनीवर चढला तर माणूस मरतो. बंद घेतलेल्या लाइनीवर काम होते.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या भेदावर एका माणसाचा जीव अवलंबून आहे, तो भेद दाखवणाऱ्या शब्दाला मी परका ठरवले होते. आणि त्याच्या जागी जो शब्द सुचवला होता, त्याला तो भेद दाखवता येत नव्हता. मराठीच्या अध्यापकाला हा प्रसंग विसरता येण्यासारखा नाही. तेव्हापासून मी या एका शब्दाचा माग काढत आलो आहे. ‘लाइन’ हा शब्द इंग्रजी आहे की मराठी? आणि तो मराठी असेल, तर तो कोठवर वापरावा? या दोन प्रश्नांविषयीचे माझे मत येथे मांडावयाचे आहे.

शब्दाचे मूळ आणि आगमन

‘लाइन’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये ‘लिनुम्’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूची दोरी ती ‘लिनेआ’. लिनन या कापडाचे नावही त्याच कुळातले. दोरी ताणली की सरळ रेषा मिळते. त्यामुळे दोरीचे नाव रेषेला मिळाले, रेषेचे नाव रांगेला आणि पुढे कितीतरी गोष्टींना मिळाले. इंग्रजीतही या शब्दाचे अर्थ शेकड्याच्या घरात मोजावे लागतील, इतका तो पसरला आहे.

हा अर्थविस्तार आपल्याला अनोळखी वाटू नये. संस्कृतातील ‘सूत्र’ शब्दानेही असाच प्रवास केला आहे. सूत्र म्हणजे धागा. त्यावरून पाणिनीची सूत्रे आली, नाटकाचा सूत्रधार आला, गणिताचे सूत्र आले. त्याचेच मराठी रूप ‘सूत’. भिंत ‘सुतात आहे’ असे गवंडी म्हणतो, सुतार एक अष्टमांश इंचाला ‘एक सूत’ म्हणतो, आणि दोघांचे जमले की त्यांचे ‘सूत जुळले’ असे आपण म्हणतो. धाग्यापासून सरळपणा, सरळपणापासून मेळ, ही अर्थाची वाट दोन्ही भाषांत सारखीच आहे. आज गवंड्याच्या थैलीत जी ‘लाइनदोरी’ असते, तिच्यात तर दोरीवाचक अशा दोन शब्दांचा संगम झालेला आहे. एक शब्द जवसाच्या शेतातून आलेला, दुसरा आपल्या घरातला.

हा शब्द आपल्याकडे आला तो पुस्तकांतून नव्हे. इंग्रजी अमलात लष्कर, पोलीस, आगगाडी आणि तारायंत्र या वाटांनी तो आला. सैनिकांच्या एका रांगेत बांधलेल्या खोल्यांना ‘लाइन्स’ म्हणत. त्यावरून पोलीस लाइन आली, नागपूरसारख्या शहरातील सिव्हिल लाइन्स आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि त्यानंतर बाराएक वर्षांच्या आत रूळ घाट चढून नाशिक जिल्ह्यात आले. रूळ आले, तशा रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा आल्या. दोन्हींना लोकांनी ‘लाइन’ म्हटले. हा शब्द शिकण्यासाठी कोणालाही शाळेत जावे लागले नाही. तो ऐकून ऐकून आला आणि बोलून बोलून रुळला.

मराठीने दिलेले अर्थ

आता हा शब्द मराठीत काय काय करतो ते पाहू. माझ्या टिपणवहीतील नोंदींपैकी काही येथे देतो.

वहीत लाइन मारतात. पत्रात दोन लाइनी लिहितात. रेशनच्या दुकानापुढे लाइन लागते. लासलगावच्या बाजारसमितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या लाइनी लागतात. मुंबईकराला ‘तुम्ही कोणत्या लाइनला राहता?’ असे विचारले, तर तो सेंट्रल, वेस्टर्न किंवा हार्बर असे उत्तर देतो. मुंबईत या एका शब्दाने माणसाचा पत्ता, त्याचे दररोजचे हाल आणि पुष्कळदा त्याची ऐपतही कळते. पोलिसांची मुले ‘आम्ही लाइनीत वाढलो’ असे सांगतात, तेव्हा त्यात एका विशिष्ट बालपणाची आठवण असते. ट्रकवाल्याच्या घरी चौकशी केली, तर ‘ते लाइनवर आहेत’ असे उत्तर मिळते. म्हणजे ते गाडी घेऊन परगावी गेले आहेत. दहावी झालेल्या मुलाला ‘आता कोणती लाइन घेणार?’ असे विचारतात आणि अनुभवी माणूस ‘या लाइनीत आता काही राहिले नाही’ असा सल्ला देतो. येथे लाइन म्हणजे आयुष्याची दिशा. वाह्यात मुलाला बाप ‘लाइनीवर आणतो’. येथे लाइन म्हणजे शिस्त. आणि कट्ट्यावरची मुले कोणावर तरी ‘लाइन मारतात’. त्या अर्थाचे विवरण करण्याची आवश्यकता नाही.

शेतीत हा शब्द अधिक खोलवर गेला आहे. निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षबागाईतदार ‘लाइन केली’ असे म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत एक मोठा इतिहास असतो. नदीवरून किंवा धरणाच्या कडेवरून जमिनीखालून काही किलोमीटर पाइप टाकून पाणी शेतात आणले, त्यासाठी कर्ज काढले, वाटेतील शेतकऱ्यांच्या संमती मिळवल्या, एवढे सगळे त्यात येते. त्याच शेतात ठिबकची मेन लाइन असते. त्याच शेतकऱ्याची ‘लाइन रात्रीची असते’, म्हणजे कृषिपंपाचा थ्री फेज वीजपुरवठा त्या आठवड्यात रात्री मिळतो. ‘लाइन आली की लाइन चालू कर’ असे वाक्य मी दिंडोरी तालुक्यात स्वतः ऐकले आहे. त्यातील पहिली लाइन विजेची, दुसरी पाण्याची. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही त्यात तिळमात्र संदेह नव्हता.

टेलिफोन आला, तेव्हा ‘लाइन लागत नाही’ आणि ‘लाइनवर राहा’ हे प्रयोग आले. मोबाइलला तार नसते, तरीही ते प्रयोग राहिले. मग संगणक आला आणि ‘ऑनलाइन’ आले. खेड्यातील माणूस ‘सातबारा ऑनलाइन झाला का?’ असे विचारतो आणि सेवाकेंद्रावर जाऊन ‘ऑनलाइन करून येतो’. म्हणजे अर्ज भरून येतो. इंग्रजीत या शब्दाचा असा उपयोग कोणी करत नाही. हा उपयोग आपला आहे.

व्याकरणाची साक्ष

एखादा परका शब्द भाषेचा झाला की नाही, हे ठरवण्यासाठी त्याच्या वयापेक्षा त्याची वागणूक पाहावी. मराठीत नामाला लिंग लागते. इंग्रजीत ‘लाइन’ला लिंग नाही, मराठीत ती स्त्रीलिंगी झाली. असे का झाले असावे? ओळ, रांग, रेघ, रेषा, तार ही तिची सगळी भावंडे मराठीत स्त्रीलिंगी आहेत. त्यांच्या घरात आलेल्या पाहुणीला त्यांचेच लिंग मिळाले. तिचे अनेकवचन ‘लाइन्स’ असे न होता ‘ओळ-ओळी’ या नमुन्यावर ‘लाइनी’ असे झाले. सामान्यरूप ‘लाइनीत’, ‘लाइनीला’, ‘लाइनीवर’ असे होऊ लागले. ‘लाइनमध्ये’, ‘लाइनला’ ही रूपेही चालतात. पण ती शहरात अधिक, गावात कमी. म्हणजे जो जो इंग्रजी कमी जाणतो, तो तो हा शब्द अधिक मराठी पद्धतीने चालवतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

क्रियापदांचेही असेच. मराठीतील ‘मारणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, चक्कर मारतो, शिक्का मारतो, उडी मारतो. त्याच चालीवर लाइन मारतो. इंग्रजी माणसासमोर हे शब्दशः ठेवले, तर त्याला काहीही कळणार नाही. शब्दाचे बीज परके असले, तरी हे वाक्प्रचार याच मातीत उगवले आहेत. ‘लाइन’चे लेखन मात्र अजून स्थिर झालेले नाही. ‘लाइन’ आणि ‘लाईन’ ही दोन्ही रूपे छापली जातात. पण लेखन डळमळीत आहे म्हणून शब्द परका ठरत नाही.

शुद्धीच्या आग्रहाची बाजू

येथवर वाचून अभ्यासार्थींना वाटेल, की भाषाशुद्धीचा आग्रह व्यर्थ आहे असे मला म्हणावयाचे आहे. तसे नाही. हा आग्रह ज्यांनी धरला, ते लहान लोक नव्हते. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील फार्सी-अरबी शब्दांना पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला. विसाव्या शतकात, नाशिकजवळच्या भगूर येथे १८८३ मध्ये जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर, हुतात्मा हे त्यांनी रूढ केलेले शब्द आज आपण सहज वापरतो. कवी माधव ज्यूलियन तर फार्सीचे व्यासंगी. १९२५ मध्ये त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला होता. पुढे त्यांनीच भाषाशुद्धीचा कैवार घेतला. त्यांची भूमिका अडाणीपणाची नव्हती. सत्ता गेली की शब्द जातात आणि शब्द गेले की विचार करण्याचे सामर्थ्य जाते, ही त्यामागील चिंता होती. ती चिंता आजही खरी आहे.

परंतु चळवळीचा परिणामही पाहावा. ‘दिनांक’ रुजला, म्हणून ‘तारीख’ गेली नाही. दोघांनी काम वाटून घेतले. कागदाच्या डोक्यावर ‘दिनांक’ लिहितात. न्यायालयात मात्र तारीख पडते आणि लग्नाची तारीख काढतात. भाषेने दोन्ही शब्द ठेवले आणि त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या केल्या. पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. बाजार, जमीन, सरकार हे फार्सीतून आलेले. त्यांच्याविना आपला एक दिवसही जाणार नाही. आज कोणीही परीक्षक ‘जमीन’ या शब्दाभोवती वर्तुळ काढत नाही. मग प्रश्न असा, की वर्तुळ कोणाच्या शब्दाभोवती काढले जाते?

येथे मला थोडे कटू बोलले पाहिजे, आणि ते स्वतःलाही लागू करून बोलले पाहिजे. मराठी समीक्षेत आम्ही अध्यापक ‘फॉर्म’, ‘थीम’, ‘इमेज’, ‘नॅरेटिव्ह’ असे शब्द सर्रास लिहितो. त्यांना मराठी प्रतिशब्द आहेत. तरीही ते वापरणे विद्वत्तेचे लक्षण समजले जाते. लाइनमन मात्र ज्या शब्दाला पर्याय नाही तो शब्द लिहितो आणि त्याचा गुण कापला जातो. असे असेल, तर आमचा आक्षेप इंग्रजी शब्दाला नसून तो शब्द वापरणाऱ्या माणसाच्या पायरीला आहे, असे म्हणावे लागते. मुक्त विद्यापीठाच्या वर्गात असे घडणे अधिकच वाईट. येथे येणारा अभ्यासार्थी नोकरी, शेती, संसार सांभाळून येतो. त्याची भाषा कामाच्या जागी घडलेली असते. ती भाषा दाराबाहेर ठेवून आत ये, असे त्याला सांगणे म्हणजे अर्धा माणूस बाहेर ठेवण्यासारखे आहे.

जे हरवते त्याची बाजू

असे असले, तरी ‘भाषा प्रवाही असते’ एवढे म्हणून हात झटकणेही मला मान्य नाही. हे वाक्य खरे आहे. पण आळसाचे समर्थन करण्यासाठी ते फार वापरले जाते. ‘लाइन’ने काही नवे अर्थ आणले, तसे काही जुने शब्दही निकामी केले. त्यांची मोजदाद व्हावयास हवी.

माणसे एकामागे एक उभी असतील, तर ती रांग. देवदर्शनासाठी असतील, तर ती बारी; सप्तशृंगगडावर किंवा त्र्यंबकेश्वरी ‘बारीत उभे आहोत’ असे जुने लोक म्हणत. ‘बारी’ या शब्दात रांगही आहे आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणेही आहे. जेवायला बसलेल्यांची ती पंगत. पंगतीवरून ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आला. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडे, या अन्यायासाठी मराठीने एक संपूर्ण शब्द घडवला आहे. पेरणीच्या पाभरीने जमिनीवर उमटते ती काकरी. उसाची असते ती सरी. खुरपणाऱ्या बाया शेजारी शेजारी बसून धरतात ती पात. एखादीचा हात मंद चालला, तर ‘तिची पात मागे राहिली’ असे म्हणतात, आणि शेजारीण आपली पात सोडून तिला हात देते. कागदावर ओढतात ती रेघ. भूमितीत असते ती रेषा. मुले धुळीत काढतात त्या रेघोट्या. कवितेची असते ती ओळ.

आता या सगळ्यांना ‘लाइन’ म्हणून पाहावे. झाडांची लाइन, जेवणाची लाइन, बायांची लाइन, कवितेची लाइन, हातावरची लाइन. दहा शब्दांचे काम एक शब्द करू लागला. पण दहा शब्दांत जो दहा प्रकारचा अनुभव साठला होता, तो त्या एका शब्दात मावत नाही. पात मागे राहिली, या वाक्यात श्रम आहे, स्पर्धा आहे आणि सख्यही आहे. ‘लाइन मागे राहिली’ म्हटले, की त्यातले काहीही उरत नाही.

काही ठिकाणी तर हा शब्द शिरूच शकत नाही. ‘काळ्या दगडावरची रेघ’ पुसून तेथे लाइन काढता येत नाही. आमच्या पंचवटीशी जिचे नाते लोककथेने जोडले आहे, ती लक्ष्मणरेषा तर कोणीही ‘लक्ष्मणलाइन’ करणार नाही. कोणी तसे म्हटलेच, तर ऐकणारा हसेल. हे हसू महत्त्वाचे आहे. ‘लाइन’ शब्द कामाच्या जगात आपला झाला. पण श्रद्धा, प्रतिज्ञा आणि कविता यांच्या जगात तो अजून पाहुणाच आहे, याची ती पावती आहे.

देवळालीची साक्ष

शब्दांची ये-जा एकाच दिशेने होत नाही, याचे उत्तम उदाहरण नाशिकच्या उशाशी आहे. देवळाली येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी सैन्याची छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातील मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजे ठराविक ऋतूतच सुटत. त्यामुळे कित्येकांना महिनोन्‌महिने रिकामपणी थांबावे लागे. उन्हाळा, कंटाळा, दारू आणि आजार यांनी काहींची मने बिघडत. त्यावरून सैनिकांच्या बोलीत वेड लागलेल्या माणसाला ‘डुलाली टॅप’ झाला असे म्हणू लागले. ‘डुलाली’ हे देवळालीचे इंग्रजी जिभेवरचे रूप. ‘टॅप’ म्हणजे आपल्याकडचा ताप. पुढे ‘टॅप’ गळाला आणि ‘डुलाली’ हा एकटाच शब्द ‘डोके फिरलेला’ या अर्थाने इंग्रजीत रूढ झाला.

आज इंग्लंडमध्ये हा शब्द वापरणाऱ्याला देवळाली कोठे आहे हे बहुधा ठाऊक नसते. नाशिककराला देवळाली म्हटले की थंड हवा आणि तोफखान्याची शाळा आठवते. वेड आठवत नाही. म्हणजे आमच्या गावाचे नाव इंग्रजीने नेले, त्याचा उच्चार बदलला, अर्थ बदलला आणि ते आपल्या कोशात नोंदवले. तेथील कोणा परीक्षकाने ‘हा शब्द मराठी मुलखातला, सबब वर्ज्य’ असे म्हटले नाही. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्येच प्रसिद्ध केला होता. शब्द आला, की त्याची नोंद करावी, तो कोठून आला आणि येथे काय करतो ते लिहून ठेवावे, ही ती वृत्ती. इंग्रजीच्या सत्तेविषयी आपले मत काहीही असो, ही वृत्ती घेण्यासारखी आहे.

मराठीतही कोशांची परंपरा मोठी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. त्या काळच्या बोलींतले, व्यवसायांतले कितीतरी शब्द त्यांत सापडतात. परंतु ‘लाइन बंद घेणे’, ‘लाइन करणे’, ‘ऑनलाइन करून येणे’ हे आजचे प्रयोग कोण नोंदवणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. प्राचीनत्वाचा तो सन्मान योग्यच आहे. पण भाषेचे प्राचीन वैभव जपताना तिचे आजचे श्रम नोंदवायचे राहून जाऊ नयेत.

माझे मत

तेव्हा ‘लाइन’सारखा शब्द समोर आला, तर काय करावे? मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात.

पहिला प्रश्न : ज्या वस्तूसाठी किंवा कृतीसाठी हा शब्द आला, तिच्यासाठी चालता-बोलता मराठी शब्द आहे काय? कोशात दडलेला किंवा शासकीय परिपत्रकापुरता नव्हे. त्या कामाच्या माणसांच्या तोंडी असलेला.

दुसरा प्रश्न : या शब्दाने मराठीत येऊन मूळ भाषेत नसलेला अर्थ, लिंग, वचन आणि वाक्प्रचार मिळवले आहेत काय?

तिसरा प्रश्न : तो वापरल्याने एखादा अधिक नेमका मराठी शब्द मरणपंथाला लागतो काय?

‘लाइन बंद घेतली’ हा प्रयोग पहिल्या दोन प्रश्नांना उतरतो आणि तिसऱ्याने त्याला बाधा येत नाही. म्हणून तो मराठी आहे आणि तो उत्तरपत्रिकेत निःशंकपणे लिहावा. ‘द्राक्षबागेसाठी लाइन केली’, ‘पोलीस लाइनीत वाढलो’ हेही तसेच. मात्र ‘कवितेच्या पहिल्या लाइनीत’ असे लिहिताना तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा आणि ‘ओळ’ लिहावे. ‘पंगतीच्या लाइनी बसल्या’ असे लिहू नये, पंगती बसतात. येथे इंग्रजीचा राग करण्याचे कारण नाही. नेमका शब्द हाताशी असताना ढोबळ शब्द घेऊ नये, एवढाच मुद्दा आहे. उद्या ‘रांग’ हाच शब्द जर पंगत, पात आणि बारी यांना गिळू लागला, तर मी ‘रांगे’विषयीही हेच म्हणेन.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, म्हणजे नाशिकचे कवी कुसुमाग्रज यांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्या दिवशी इंग्रजी शब्दांच्या याद्या करून ते हद्दपार करण्याच्या शपथा घेतल्या जातात. त्याऐवजी प्रत्येकाने दोन कामे केली, तर ती भाषेच्या अधिक उपयोगी पडतील. एक, आपल्या घरातला, शेतातला, कामावरचा एक नेमका शब्द जो आता ऐकू येत नाही, तो वापरात आणणे. दोन, जो परका शब्द आपल्या माणसांनी कष्टाने आपलासा केला आहे, त्याची नीट नोंद करणे. पहिले काम केल्याने ‘पात’ वाचेल. दुसरे केल्याने लाइनमनचा शब्द वाचेल.

त्या विद्यार्थ्याच्या स्वाध्यायावरील वर्तुळे मला पुसता आली नाहीत; लाल शाई पुसत नाही. मी त्यांच्याशेजारी ‘प्रयोग योग्य आहे, तपासनिसाची चूक’ असे लिहिले, खाली सही केली आणि कमी केलेला गुण परत दिला. त्याने वही मिटली आणि म्हणाला, “सर, एका गुणाचे एवढे नव्हते. शब्द चुकला असता, तर तो प्रसंग लिहायला मी उरलो नसतो, एवढेच सांगायचे होते.”

उपक्रम

‘पास’, ‘नंबर’, ‘कट’, ‘सेट’, ‘पॉइंट’ यांपैकी कोणताही एक शब्द निवडा. आठ दिवस घरी, कामाच्या ठिकाणी, बाजारात आणि प्रवासात तो कोणकोणत्या अर्थाने ऐकू येतो, ते वाक्यासह टिपून ठेवा. प्रत्येक वाक्याला वरील तीन प्रश्न लावा. कोणत्या वाक्यातील शब्द मराठी झाला आहे आणि कोणत्या वाक्यात त्याने अधिक नेमक्या मराठी शब्दाची जागा बळकावली आहे, ते सकारण लिहा.